इंटरफेरॉन हे आडनाव आहे, नाव नाही

म्हणजे बहिणीला एमएस (मल्टिपल स्क्लेरोसिस, इम्युनिटी स्वतःच्याच मेंदू-मज्जारज्जूवर उठते तो आजार) निघालाय, न्यूरोलॉजिस्टनी इंटरफेरॉन सुचवलंय, आणि तुमच्या मामांना २००९ साली हिपॅटायटिस सीसाठी इंटरफेरॉन दिलेलं तेव्हाचे त्यांचे हाल आठवून घरचे 'ते नकोच' म्हणतायत, बरोबर ना? मी स्वतः एमएसवाली, नऊ वर्षं इंटरफेरॉन बीटा घेतेय, आणि आमच्या दादाने मामांसारखाच इंटरफेरॉन अल्फाचा कोर्स केलेला, त्यामुळे दोन्ही प्रकार घरातच बघितलेत.

मामांना मिळालं ते बहुतेक पेग-अल्फा (पेग म्हणजे अंगात जास्त दिवस टिकणारं), आठवड्याला एक इंजेक्शन, आणि सोबत रिबाविरिनच्या गोळ्या. हिमोग्लोबिन पाडतात त्या मुख्यतः या गोळ्या, शिव्या मात्र सगळ्या इंटरफेरॉन खातं. दादा एक जिना चढताना दोनदा टेकायचा, प्लेटलेट्स उतरल्या, आणि चिडचिड तर इतकी की आमटीत मीठ कमी म्हणून ताट सरकवून उठला, जन्मात कधी न केलेलं. आता हिपॅटायटिस सीला बहुतेकांना नुसत्या गोळ्या पुरतात, साधारण १२ आठवडे. अल्फा हिपॅटायटिस बीला आणि रक्ताच्या काही आजारांत अजून वापरतात.

बहिणीला देणार ते बीटा. ते व्हायरस मारायला नाही, भरकटलेली इम्युनिटी जरा शांत करायला. गॅमा तिसरंच, ते एका जन्मजात इम्युनिटीच्या आजारात देतात, आणि ८०च्या दशकात एमएसवर करून बघितलं तर अटॅक उलट वाढले! आडनाव एकच हं.

बीटातही प्रकार आहेत. १ए स्नायूत आठवड्याला ३० मायक्रोग्रॅम, १बी कातडीखाली दिवसाआड २५०, पेगवालं १४ दिवसांनी १२५. हे आकडे एकमेकांशी ताडून जास्त-कमी ठरवू नका, औषधं वेगळी आहेत. कातडीखालच्याने लाल चट्टे उठतात, जागा बदलत राहायची.

माझं शनिवारी रात्री असतं, सिरिंज अर्धा तास आधी फ्रिजबाहेर, पॅरासिटामॉल घेऊन झोपायचं. पहिले तीन महिने रात्री दोनला दात वाजायचे, आता रविवारी पोहे होईपर्यंत अंग जड असतं, बास. सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), लिव्हर आणि थायरॉइड मात्र ठरल्या वेळी तपासून घेते, आणि बहिणीला आधी कधी डिप्रेशन असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा, ही खबरदारी बीटालाही लागू आहे.

एक खरं सांगते, बीटाने एमएस बरा होत नाही, अटॅक साधारण एक तृतीयांशाने कमी होतात, आणि आता याहून जोरदार औषधं आहेत. त्यामुळे मामांचं राहू द्या, डॉक्टरांना हे विचारा की एमआरआय बघून हिला बीटा पुरेल असं का वाटतं, आणि मूल व्हायचं असेल तर तेही बोला.

आणि हो, सिरिंज फ्रिजच्या मधल्या कप्प्यात ठेवायची. आमच्या आईने 'गार राहील' म्हणून फ्रीझरमध्ये टाकलेली, महिन्याचा डबा गेला.