वाचकांचे प्रश्न : ‘म्हणून’ कुठं घसरतं?

प्रश्न (लातूर) : निबंधात मी लिहिलं, ‘२०१५ मध्ये आमच्या गावच्या नाल्याचं खोलीकरण झालं. २०१६ मध्ये विहिरी भरल्या. म्हणून मराठवाड्याच्या दुष्काळावर खोलीकरण हाच उपाय आहे.’ सरांनी समासात ‘तर्कदोष’ एवढंच लिहिलं. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, मग चुकलं काय?

उत्तर : पहिली दोन्ही वाक्यं खरी असली तरी त्यांतून तिसरं निघत नाही. घोटाळा आहे तो ‘म्हणून’मध्ये, आणि तिथं एक नाही, दोन दोष दडले आहेत.

पहिला आपल्या म्हणीतलाच : कावळा बसायला आणि फांदी तुटायला. आधी घडलं ते कारण, असं धरून चालणं. २०१६ आठवून पाहा. एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, आणि त्याच पावसाळ्याच्या अखेरीस मांजरा धरण भरण्याइतका पाऊस झाला. अशा वर्षी खोलीकरण न झालेल्या गावांतल्या विहिरीही वर येणारच. मग पावसाचं श्रेय किती आणि कामाचं किती, हे वेगळं काढायला हवं. त्यासाठी तशाच जमिनीचं, पण काम न झालेलं शेजारचं गाव घ्या. तिथली पातळी समजा ४ मीटरनं चढली आणि तुमची ५ मीटरनं, तर खोलीकरणाच्या खात्यावर फार तर १ मीटर जमा होतो. भूजल सर्वेक्षण यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबरमध्ये मोजते. ताडताना ऑक्टोबरचा आकडा ऑक्टोबरशीच ताडा. मे महिन्यातली कोरडी विहीर आणि ऑक्टोबरमधली भरलेली विहीर शेजारी ठेवली, तर काहीही सिद्ध करता येतं!

दुसरा दोष : एका गावावरून आठ जिल्हे. तुमच्याकडं मुरमात पाणी मुरलं असेल, पण खाली सलग काळा कातळ असलेल्या गावात तो नाला नुसता खोल खड्डा ठरू शकतो. त्यात ‘हाच’ शब्द. तो लिहिला की बाकीचे सगळे उपाय फोल का, हे दाखवायची जबाबदारी तुमच्यावर येते.

पुढच्या वेळी कच्चा मसुदा झाला की प्रत्येक ‘म्हणून’, ‘त्यामुळे’, ‘कारण’खाली रेघ ओढा आणि मधलं न लिहिलेलं वाक्य समासात लिहा. तुमच्या निबंधात ते असं आहे : ‘खोलीकरण झालं नसतं, तर विहिरींना पाणी आलंच नसतं.’ एवढं उघड लिहिल्यावर ते तुम्हालाच पटणार नाही. मग वाक्य आपोआप खाली उतरतं : ‘आमच्यासारख्या मुरमाड गावांत, चांगल्या पावसाच्या वर्षी, खोलीकरणानं विहिरींची पातळी वाढायला मदत होते असं दिसतं.’ कमी जोरकस वाटेल, पण खोडता येणं अवघड. आणि खोलीकरण निरुपयोगी आहे, असा याचा अर्थ मुळीच नाही. लंगडा आहे तो तुमचा पुरावा.

प्रश्न (पैठण) : नाथसागरावरच्या (जायकवाडी धरणाच्या जलाशयावरच्या) वादात एकानं लिहिलं, ‘धरणात शून्य टक्के पाणी आहे.’ दुसरा म्हणाला, ‘२६ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी आहे, उगाच ओरड.’ खोटं कोण बोलतंय?

उत्तर : कदाचित कुणीच नाही. जायकवाडीचा एकूण साठा सुमारे १०२ टीएमसी, त्यातला उपयुक्त सुमारे ७६ आणि मृतसाठा सुमारे २६. टक्केवारी सांगतात ती उपयुक्त साठ्याची. म्हणजे शून्य टक्के असतानाही तळाशी २६ टीएमसी असतंच. ते दारांतून वाहून येत नाही, पिण्यासाठी पंपानं उपसावं लागतं.

‘पाणी’ हा एकच शब्द दोघं दोन अर्थांनी वापरताहेत. हेच कुणी मुद्दाम केलं, तर न्यायदर्शनात, म्हणजे आपल्या जुन्या तर्कशास्त्रात, त्याला वाक्छल म्हणतात. तिथलं जुनं उदाहरण ‘नवकंबल’चं आहे : बोलणारा म्हणतो नवं कांबळं, ऐकणारा मुद्दाम धरतो नऊ कांबळी. लेखात साठ्याचा आकडा देताना ‘उपयुक्त’ की ‘एकूण’, हा शब्द पहिल्याच वेळी लिहा आणि शेवटपर्यंत तोच ठेवा. उपयुक्त ५० टक्के म्हणजे एकूण साठ्याच्या जवळपास ६३ टक्के होतात. एवढ्या फरकात अख्खा वाद उभा राहतो.

प्रश्न (अंबाजोगाई) : मी लिहिलं, ‘ऊस ठिबकवरच घ्यावा.’ उत्तर आलं, ‘ऊस बंद करा म्हणणाऱ्यांनी शेतकऱ्यानं खायचं काय ते सांगावं.’ त्यांना कारखानदारांचा माणूस म्हटलं तर चालेल?

उत्तर : नको. तुम्ही न बोललेलं त्यांनी तुमच्या तोंडी घातलं; आता तुम्ही मुद्दा सोडून माणसावर गेलात तर हिशेब बरोबरीचा होईल, वाद तिथंच राहील. आधी तुमचं मूळ वाक्य अवतरणात पुन्हा द्या. मग त्यांची खरी अडचण तुम्हीच मांडा : ठिबकचा सुरुवातीचा खर्च, अनुदान हातात पडायला लागणारा वेळ, विजेच्या पाळ्या. जुन्या शास्त्रार्थात पूर्वपक्ष, म्हणजे समोरच्याची बाजू, असाच मांडत. समोरच्यानं ‘हो, हेच म्हणायचंय मला’ म्हणावं इतका नेटका. त्याचं उत्तर त्यानंतर.

प्रश्न (हिंगोली) : वादात म्हण पुरावा म्हणून चालते का?

उत्तर : सहकारावर लिहिताना ‘गाव करी ते राव न करी’ म्हणता येतं आणि ‘बारभाईची शेती, काय लागेल हाती’ हेही. दोन्ही एकमेकींच्या उलट, म्हणजे म्हणीनं काहीच सिद्ध होत नाही. म्हण शीर्षकात ठेवा.