माटोळीला टांगलेली बादली

प्रश्न : ताई, नमस्कार. माझं वय ५३. फोंड्याजवळच्या एका गावात राहते, घरी शिवणकाम करते. नवरा बोटीवर असतो, म्हणून विजेचं बिल, गॅस, घरपट्टी, बँक, सगळं माझ्याच फोनवर. प्रत्येकाला वेगळा पासवर्ड. गेल्या वर्षी मी शहाणपणा करून अकरा पासवर्ड भिंतीवरच्या कॅलेंडरच्या ऑगस्टच्या पानामागे लिहून ठेवले. जानेवारीत सासूबाईंनी कॅलेंडर उतरवलं आणि पानं स्वयंपाकघरातल्या फळ्यांवर घातली. मे महिन्यात मिस्कुटाची, म्हणजे कैरीच्या लोणच्याची, बरणी उचलली, तर खाली माझा ऑगस्ट! पण तेलानं अर्धी अक्षरं गेलेली. बँकेच्या पासवर्डात एक गोल आहे, तो ‘ओ’ की शून्य ते कळत नाही. दोन्ही घालून बघितले, खातं बंद झालं.

वाड्यावरच्या पन्नास-साठ बायकांच्या ब्लाउजांची मापं मी वही न बघता सांगते. चवथीला आरतीचं पुस्तक लागत नाही. मग हेच का राहत नाही? मुलगा बेंगळुरूला असतो. फोन केला की म्हणतो, ‘आई, परत?’ ते ‘परत’ फार लागतं. माझे वडील शेवटी आम्हाला ओळखत नव्हते. त्याचीच ही सुरुवात तर नाही ना?
— स. न., फोंडा तालुका

उत्तर : आधी वडिलांचं बोलू, कारण पत्र पासवर्डचं असलं तरी तुमची झोप त्यानं उडवलीय असं दिसतं. पासवर्ड विसरणं ही त्या आजाराची खूण नव्हे. रोजच्या वाटेवर चुकायला होतं, तोच प्रश्न तासाभरात तीनदा विचारला जातो, ब्लाउज कापायला घेतलं आणि पुढची पायरीच सुचत नाही, असं काही होत असेल तर डॉक्टरांकडे जा, आणि लगेच जा. तसं काही तुम्ही लिहिलेलं नाही. तरी एकदा थायरॉईड आणि बी-१२ तपासून घ्या. तुमच्या वयात पाळी जाताना झोप मोडते, घाम फुटतो, त्या दिवसांत डोकं जड होऊन साधे शब्दसुद्धा सापडत नाहीत. मी त्या काळात बँकेच्या काउंटरवर समोर उभ्या असलेल्या सख्ख्या मावसबहिणीचं आडनाव विसरले होते. नंतर सावरतं.

आता मापांचं. शेजारणीचं माप तुम्हाला आठवतं कारण त्याला तिचे खांदे चिकटलेले आहेत, तिचा आवाज आहे, मागच्या दिवाळीला बाही घट्ट झाली म्हणून तिनं घातलेला वादही आहे. पासवर्डला काहीच चिकटलेलं नसतं. शिवाय तो वापरायचा किती वेळा? विजेचा महिन्यातून एकदा, घरपट्टीचा वर्षातून एकदा. आरतीसुद्धा वर्षातून एकदाच म्हटली जाते म्हणाल, पण ती चालीवर चालते आणि बाजूला वीस माणसं ओढून नेतात.

आणखी एक घोळ आपण स्वतःच करतो. विसरलं की नवा पासवर्ड करतो, आणि तो जुन्याचाच भाऊ असतो. मुलाचं नाव आणि पुढे १, मग २, मग उद्गारचिन्ह. वहीत जुनं खोडता येतं, डोक्यात येत नाही. सगळे भाऊ एकदम दारात येतात आणि खरा कोणता ते ओळखू येत नाही. वय वाढतं तसं समोर काही नसताना मनातून काढून सांगणं जड जातं, पण समोर आलेलं ओळखणं बरंचसं टिकून राहतं. पासवर्डची चौकट आपल्याला नेमकं जड तेच करायला लावते. वर टाइप केलेलं ठिपक्यांत लपवते.

गोव्यातल्या माणसाचं दुखणं तर वेगळंच. आपण सगळे गावाचं किंवा देवळाचं नाव घालतो. पण रोमन लिपीत गाव लिहायचं कसं? साखळी की सांकेलिम, काणकोण की कानाकोना, म्हापसा की मापुसा? पोर्तुगीज गेले, स्पेलिंगं ठेवून गेले. माझ्या पेन्शनच्या साइटवर ‘जन्मगाव कोणतं’ असा सुरक्षेचा प्रश्न होता. जन्मगाव मला पक्कं आठवत होतं, पण दहा वर्षांपूर्वी ते कुठल्या स्पेलिंगनं लिहिलं ते नाही. तीन चुका झाल्या आणि मी चोवीस तास बाहेर. एकतीस वर्षं बँकेत काढलेली बाई! (तशीच दुसरी गंमत ‘आईचं माहेरचं आडनाव’. ते वाड्यावरच्या प्रत्येक म्हातारीला ठाऊक असतं, त्यात गुपित कसलं? तिथे खुशाल खोटं उत्तर द्या, फक्त ते लिहून ठेवा.)

होय, लिहून ठेवा. तुमची चूक लिहिण्यात नव्हती, कागदात होती. फर्नांडो कोर्बातो हे अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठातले संगणकतज्ज्ञ. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला अनेकांनी मिळून वापरायच्या संगणकाला पासवर्ड लावणारे तेच. २०१४ साली, वयाच्या ८७ व्या वर्षी, त्यांनी मुलाखतीत सांगितलं की पासवर्ड हा आता छळ झालाय आणि आपणही ते टाइप केलेल्या कागदांवर उतरवून ठेवतो. जनकच लिहून ठेवतो, तिथे आपली काय कथा! आणि एक मोठं अक्षर हवं, एक आकडा, एक चिन्ह, दर तीन महिन्यांनी बदला, हा जो जाच आहे, त्याचं मूळ बरंचसं २००३ सालच्या एका अमेरिकन सरकारी मार्गदर्शिकेत आहे. ती लिहिणाऱ्या बिल बर यांनी २०१७ साली त्याबद्दल खेद व्यक्त केला. त्याच वर्षी त्यांच्या संस्थेनं नियम बदलले : पासवर्ड लांब असू द्या, चिन्हांची सक्ती नको, गळती झाल्याचा संशय असेल तरच बदलायला लावा. आपल्याकडच्या बऱ्याच साइट अजून जुनाच हेका धरून आहेत.

तेव्हा पाठ फक्त तीन करा. फोनचं कुलूप, ईमेल आणि बँक. ईमेल का, तर ‘पासवर्ड विसरलात?’ म्हटल्यावर बहुतेक ठिकाणची नवी किल्ली तिथेच येते. ईमेल गेलं की सगळंच गेलं. यूपीआयचा पिन रोज मारता, तो बोटांनाच पाठ असेल. तो लिहू नका.

बाकीच्यांसाठी जाड पुठ्ठ्याची वही घ्या आणि ती दागिन्यांशेजारी ठेवा, फोनशेजारी नको. परदेशात बसलेला चोर तुमच्या कपाटात हात घालू शकत नाही. वहीचा फोटो मात्र काढू नका, मुलाला व्हॉट्सॲपवरही पाठवू नका. लिहिताना आमची काउंटरवरची सवय घ्या : शून्याच्या पोटातून तिरकी रेघ, मोठ्या अक्षराखाली रेघ, बाजूला तारीख. आणि प्रत्येक पासवर्डच्या शेवटी तुमच्या मनातला एकच छोटा शब्द असू द्या, जो वहीत कुठेच लिहायचा नाही. वही कुणाच्या हाती लागली तरी ती अर्धीच. दोन ठिकाणी एकच पासवर्ड मात्र नको. एका दुकानाच्या साइटवरून फुटला की चोर तोच घेऊन बँकेचं दार वाजवतो. फोनमध्ये पासवर्ड साठवायची सोय असते, तीही चांगली. मुलगा चवथीला येईल तेव्हा त्याला शेजारी बसवून सुरू करून घ्या. काही साइट आता ‘पासकी’ देतात, नुसता अंगठा लावला की काम होतं. दिसेल तिथे घ्या.

पाठ करायचे ते कसे करायचे? जाडजूड पुस्तक डोळे मिटून उघडा, बोट ठेवा, जवळचं नाम घ्या. असं पाच वेळा. मुद्दाम इंग्रजी पुस्तक घ्या, कारण नारळ रोमन लिपीत चार तऱ्हेनं लिहिता येतो, बकेट एकाच. समजा आलं : बकेट, टिकेट, पिलो, लॅडर, संडे. (हे आता छापून आलं, तेव्हा हेच वापरू नका.) आता डोळ्यांसमोर चवथीची माटोळी आणा, गणपतीच्या डोक्यावर फळं टांगलेली ती लाकडी चौकट. मधल्या नारळाच्या जागी बादली टांगा. सुपारीच्या घोसाला तिकीट बांधा. कवंडळ काढून तिथे उशी अडकवा. आंबाड्यांच्या घोसाजागी शिडी. शेवटी चिबडाच्या जागी रविवारचा लाल आकडा. गणपतीवर उशी लोंबकळतेय म्हणून हसू आलं ना? मग ते राहील. माटोळीचा क्रम तुमच्या डोळ्यांना लहानपणापासून पाठ आहे, त्या जागांना नव्या वस्तू लावायच्या एवढंच. पहिले आठ दिवस मशीनवर बसण्याआधी रोज एकदा टाइप करा.

बँकेचं खातं शाखेत आधार आणि पासबुक घेऊन गेलात की उघडून मिळेल. सोमवारी जाऊ नका, गर्दी असते.

मुलगा ‘परत?’ म्हणाला की त्याला त्याच्या शाळेच्या गणवेशाच्या चड्डीचं माप विचारा.

प्रश्न : बँकेतून बोलतोय असं सांगून फोन आला. ‘तुमच्या पासवर्डची मुदत आज संपते’ म्हणून लिंक पाठवली. पावसामुळे टॉवर गेला, लिंक उघडलीच नाही. वय ६६, मला पासवर्ड मुळातच आठवत नसल्यानं खरं वाटलं होतं. आता काय करू?
— एक वाचक, डिचोली

उत्तर : टॉवर गेल्याबद्दल देवाला नारळ द्या. बँक असा फोन करत नाही आणि लिंक पाठवून पासवर्ड कधीच मागत नाही. मेसेज पुसून टाका, तो नंबर ब्लॉक करा. शंका असेल तर पासबुकावर किंवा कार्डामागे छापलेल्या नंबरावर स्वतः फोन लावा, त्यांनी दिलेल्या नंबरावर नाही. पैसे गेले असते तर १९३० वर ताबडतोब फोन करायचा, पहिल्या तासाभरातच. उशीर झाला की पैसे खात्याखात्यांतून पुढे सरकतात. हा नंबर पुठ्ठ्याच्या वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या आकड्यांत लिहा. शून्याच्या पोटात रेघ विसरू नका.