एलिफंटमध्ये दोन अटींचा शोध: इंडेक्स असूनही वेग का येत नाही?

एलिफंट म्हणजे कॉमन लिस्प भाषेतील वस्तू कायम साठवून ठेवणारी डेटाबेस-प्रणाली. तिच्याबाबत आपली अडचण थोडक्यात अशी: ‘डेफपीक्लास’ने (कायम साठणारा वर्ग बनवणाऱ्या आज्ञेने) केलेल्या ‘काम’ या वर्गाच्या वस्तू वाढल्यापासून ‘या आठवड्यातील अपूर्ण कामे’ हा शोध रेंगाळतो, आणि स्थिती व मुदत या दोन्ही स्लॉटना (वस्तूच्या मूल्य ठेवणाऱ्या कप्प्यांना) इंडेक्स, म्हणजे मूल्यावरून वस्तू शोधून देणारी क्रमवार सूची, लावूनही फरक पडलेला नाही. त्याचे कारण आपल्या कोडमध्येच दिसते. आपण ‘गेट-इन्स्टन्सेस-बाय-क्लास’ने साऱ्या वस्तूंची यादी मागवता आणि ती ‘रिमूव्ह-इफ-नॉट’ने गाळता; या मार्गात स्लॉटचे इंडेक्स उघडलेच जात नाहीत. अट लिहिली की योग्य इंडेक्स इंजिन स्वतः निवडेल, ही एसक्यूएलची (नेहमीच्या डेटाबेसच्या शोधभाषेची) सवय येथे सोडावी लागते, कारण एलिफंटमध्ये क्वेरी प्लॅनरचे, म्हणजे शोधाचा मार्ग ठरवण्याचे काम आपल्यालाच करावे लागते.

गाळणे इतके महाग का पडते, हेही पाहायला हवे. पर्सिस्टंट (स्टोअरमध्ये, म्हणजे डिस्कवरील साठ्यात कायम राहणारी) वस्तू मेमरीत आली तरी तिच्यासोबत प्रामुख्याने तिचा ओळखक्रमांक येतो. स्लॉटची मूल्ये स्टोअरमध्येच राहतात आणि मेटाऑब्जेक्ट प्रोटोकॉलच्या (वर्ग व स्लॉट यांचे वागणे बदलू देणाऱ्या लिस्पमधील सोयीच्या) आधारे प्रत्येक स्लॉट-वाचन तिकडे वळवले जाते. म्हणजे यादी गाळताना दर वस्तूमागे किमान एकदा बी-ट्रीमध्ये (स्टोअरच्या क्रमवार वृक्षरचनेत) उतरून मूल्य डिसिरियलाइझ करावे, म्हणजे साठवलेल्या बाइट्समधून पुन्हा उभे करावे लागते.

म्हणून पहिली सुधारणा अशी, की जी अट अधिक वस्तू वगळते तिचा इंडेक्स वापरावा आणि उरलेली अट कोडमध्ये तपासावी. आपल्या बाबतीत ती अट बहुधा मुदतीची असेल, कारण स्थितीची मूल्ये मोजकीच असतात आणि एका मूल्याखाली हजारो वस्तू जमू शकतात. ‘गेट-इन्स्टन्सेस-बाय-रेंज’ला वर्ग, स्लॉट, आरंभ आणि शेवट दिले की तेवढाच पट्टा वाचला जातो, एखाद्या टोकाला ‘निल’ दिल्यास ती बाजू मोकळी राहते. निकाल मोठा असेल तर पूर्ण यादी बनवण्याऐवजी ‘मॅप-इन्व्हर्टेड-इंडेक्स’ने एकेक वस्तू हाताळावी. मुदत मात्र युनिव्हर्सल टाइम म्हणून, म्हणजे 1 जानेवारी 1900 पासूनच्या सेकंदांचा पूर्णांक म्हणून साठवा. तारखेची यादी किंवा स्ट्रक्चर किल्ली (इंडेक्स ज्यावरून क्रम लावतो ते मूल्य) म्हणून दिल्यास तिच्या क्रमावर विसंबता येत नाही, आणि क्रम नसेल तर पट्ट्याचा शोधही निरर्थक ठरतो.

एवढ्याने भागत नसेल तर डिराइव्ह्ड इंडेक्स, म्हणजे स्लॉटच्या मूल्याऐवजी त्यावरून काढलेल्या किल्लीचा इंडेक्स वापरावा. त्यासाठी दिलेले फंक्शन वस्तूवरून किल्ली काढते, आणि दोन अटींची एकच किल्ली करता येते: स्थितीचा एक अंक आणि त्याला जोडून 10 अंकी युनिव्हर्सल टाइम, अशी ठरावीक लांबीची स्ट्रिंग. स्थितीचा अंक पुढे असल्याने अपूर्ण कामे सलग येतात आणि त्यांच्यात मुदतीचा क्रम राहतो; मग एकाच पट्ट्यात उत्तर मिळते. मुदत आधी आणि स्थिती नंतर जोडली तर हा फायदा जातो. हे फंक्शन त्याच वस्तूच्या पर्सिस्टंट स्लॉटवरच अवलंबून असावे. दुसऱ्या वस्तूचे मूल्य त्यात वाचले आणि ते पुढे बदलले, तर इंडेक्सला त्याचा पत्ता लागत नाही आणि जुनी किल्ली तशीच राहते. असा दोष फार उशिरा उघडकीस येतो, त्यामुळे याबाबत मी काटेकोर राहतो.

याच जातीचा दुसरा सापळा म्हणजे स्लॉटमधील साधी लिस्प यादी. ती मूल्य म्हणून साठवली जाते. वाचलेल्या प्रतीवर ‘पुश’ केले तर स्टोअरमध्ये काहीच बदलत नाही. नवी यादी ‘सेटएफ’ने पुन्हा स्लॉटमध्ये ठेवावी लागते, आणि तेव्हाच इंडेक्सही अद्ययावत होतो.

प्रत्येक इंडेक्समागे लेखनाचा खर्च वाढतो, तेव्हा स्थितीचा स्वतंत्र इंडेक्स आता अन्यत्र लागत नसेल तर काढून टाका. एकदम खूप वस्तू भरायच्या असतील तर त्या ‘विथ-ट्रान्झॅक्शन’मध्ये बऱ्यापैकी आकाराच्या गटांनी भरा, नाहीतर प्रत्येक स्लॉटचे लेखन स्वतंत्र व्यवहार (ट्रान्झॅक्शन) ठरते. त्या ब्लॉकमध्ये ईमेल पाठवणे किंवा फाइलमध्ये लिहिणे टाळा, कारण दुसऱ्या व्यवहाराशी संघर्ष झाल्यास ब्लॉक पुन्हा सुरुवातीपासून चालवला जाऊ शकतो.