‘ऊती’ आणि ‘ऊत’: तपासणीच्या कागदावरचा एक शब्द

सोलापूरच्या अशोक चौकातून एका वाचकाने विचारलं आहे: मामांच्या गालात जखम होती, भरतच नव्हती, म्हणून तुकडा काढून तपासायला दिला. सोबतच्या मराठी माहितीपत्रकात ‘ऊती तपासणी’ असं छापलं होतं. ही ऊती म्हणजे दुधाला येतो त्या ऊताचंच रूप का? मामींचं म्हणणं, पेशींना ऊत आला की कॅन्सर होतो, त्यावरूनच हे नाव पडलं असणार.

मामींचा तर्क हसण्यावारी नेण्यासारखा नाही. वाढ आवरेनाशी होणं हे या आजाराचं वर्णन म्हणून बरोबरच आहे. पण शब्द दोन वेगळे. दुधाचा ऊत हा उतणे, उतू जाणे या घरातला. ऊती (इंग्रजीत टिश्यू, म्हणजे शरीरातल्या पेशींची वीण) मात्र तत्सम, आणि तिचं माहेर मागावर. संस्कृतात ‘वे’ म्हणजे विणणे. त्यावरून ‘उत’ म्हणजे विणलेलं आणि ‘ऊति’ म्हणजे वीण, विणकाम. (वेदांत भेटते ती ऊति निराळी. ती ‘अव्’ धातूची, अर्थ रक्षण किंवा मदत. कोशात दोघी शेजारी बसतात म्हणून घोटाळा होतो.)

हा ‘उत’ आपण एरवीही वापरतो, फक्त ओळखत नाही. ओतप्रोत हा शब्द आ + उत आणि प्र + उत असा फुटतो: उभ्या-आडव्या धाग्यांत विणलेलं. ‘मायेने ओतप्रोत’ म्हणताना आपल्याला काठोकाठ भरलेलं भांडं दिसतं, ते मराठी ‘ओतणे’च्या कृपेने.

शरीराच्या शास्त्रात विणकाम शिरलं ते फ्रान्समधून. 1800च्या सुमारास बिशा या शरीरशास्त्रज्ञाने अवयव ज्या निरनिराळ्या पोतांचे बनलेले असतात त्यांना ‘तिस्यू’ म्हटलं, म्हणजे विणलेलं कापड. त्याने असे 21 प्रकार मोजले, तेही सूक्ष्मदर्शकाशिवाय. त्या यंत्रावर त्याचा भरवसाच नव्हता. इंग्रजीतलं टिश्यू तेच. रिपोर्टाच्या माथ्यावर ‘हिस्टोपॅथॉलॉजी’ असतं, त्यातलं हिस्टो हे ग्रीक ‘हिस्टोस’वरून आलं, म्हणजे चक्क माग. यंत्रमागाच्या खडखडाटात वाढलेल्या, सोलापूरच्या पूर्व भागातल्या माणसाला हे मुद्दाम सांगावं लागतंय, याची मला गंमत वाटते.

नुसती व्युत्पत्ती सांगून थांबलो असतो, पण पॅथॉलॉजिस्ट, म्हणजे तुकडा तपासणारा डॉक्टर, काय पाहतो हे कळलं की हा शब्द किती नेमका बसलाय तेही कळतं. तुकडा फॉर्मॅलिन नावाच्या द्रावणात टिकवतात, मेणाच्या ठोकळ्यात बसवतात आणि त्याचे साधारण 3 ते 5 मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाडीचे काप काढतात. मग रंगवतात. इथेही रंगाऱ्याचीच विद्या: हिमॅटॉक्सिलिन हा निळा-जांभळा रंग मध्य अमेरिकेतल्या लॉगवूड झाडाच्या लाकडाचा, पूर्वी कापडासाठी वापरात असलेला. तो पक्का धरावा म्हणून बहुधा तुरटीसारखा क्षार लागतो. त्याने पेशींची केंद्रकं रंगतात. बाकीचा भाग इओसिन या दुसऱ्या रंगाने गुलाबी होतो.

निरोगी गालाच्या अस्तराचा काप पाहिला तर तळाशी एक पातळ पडदा, त्यावर लहान, गडद पेशींची ओळ, आणि वर जावं तसतशा पेशी पसरट होत गेलेल्या. थर शिस्तीत. कॅन्सरमध्ये ही वीण विस्कटते. केंद्रकं मोठी, वेडीवाकडी, जास्त गडद. पेशींचं विभाजन नको तिथे, वरच्या थरांतही, आणि काही वेळा विचित्र आकारात. पण नुसत्या केंद्रकांवर निकाल देत नाहीत. जखम भरून येत असताना चांगल्या पेशींची केंद्रकंही फुगतात. म्हणून खरी नजर रचनेवर: पेशींचे पुंजके तळाचा पडदा ओलांडून खाली घुसलेत का? गालाच्या नेहमीच्या कॅन्सरमध्ये असे पुंजके दिसतात, आणि त्यांच्या मधोमध कधी केराटिनची (केसा-नखांत असतं त्या प्रथिनाची) गुलाबी, एकावर एक वेढे घेतलेली वर्तुळं. त्यांना म्हणतात ‘पर्ल’, मोती. इतक्या वाईट गोष्टीला इतकं देखणं नाव! रिपोर्टात ‘वेल’, ‘मॉडरेटली’ किंवा ‘पुअरली डिफरन्शिएटेड’ असतं, त्याचा अर्थ मूळ अस्तराशी साम्य किती उरलंय एवढाच. आजार किती पसरलाय याचं ते माप नव्हे.

इतर गाठींच्या वाढीची नावं ऐकली तर पुन्हा कापडबाजारच. फायब्रोसार्कोमा या तंतुमय ऊतींच्या कॅन्सरमध्ये पेशींच्या पट्ट्या ‘हेरिंगबोन’ धाटणीने येतात, सुटाच्या कापडावर तिरक्या रेघांची वीण असते तशा. काही गाठींत ‘स्टोरिफॉर्म’ रचना दिसते. त्यातलं लॅटिन ‘स्टोरिआ’ म्हणजे विणलेली चटई.

आता वापराबद्दल. रुग्णाच्या हातात पडणाऱ्या कागदावर ‘ऊती तपासणी’ लिहिण्यापेक्षा ‘तुकड्याची तपासणी’ लिहावं असं माझं मत. लोक तसंच बोलतात, आणि त्या वेळी कोणाला व्युत्पत्तीत रस नसतो. तुकडा काढून तपासण्याला, म्हणजे बायॉप्सीला, सुचवलेला ‘जीवोतक परीक्षा’ हा शब्द तर बायॉप्सीपेक्षाही अवघड वाटतो. पाठ्यपुस्तकात मात्र ऊती हवीच. ती स्त्रीलिंगी: ही ऊती, या ऊती, ऊतींचा. त्याच अर्थाचा ऊतक हा शब्द नपुंसकलिंगी: ते ऊतक, ती ऊतके. सुटा शब्द ‘ऊती’ असा दोन्हीकडे दीर्घ, पण समासात आधी आला की ‘ति’ ऱ्हस्व: ऊतिविज्ञान. त्या हिशेबाने माहितीपत्रकातलं ‘ऊती तपासणी’ दोन सुटे शब्द म्हणून चालेल. जोडून लिहायचं तर ‘ऊतितपासणी’ करण्यापेक्षा सरळ ‘ऊतींची तपासणी’ करावं.