यंत्रणेची पातळी कशी पारखावी?

प्रश्न : मुलुंडच्या आमच्या सोसायटीत सांडपाणी शुद्धीकरणाची नवी यंत्रणा बसवायची आहे. विक्रेता तिची टीआरएल, म्हणजे तंत्रज्ञानाच्या तयारीची पातळी, ७ असल्याचे सांगतो. तेवढ्यावर करार करावा का?

उत्तर : करू नये. १९७०च्या दशकात नासामध्ये उगम पावलेल्या या मोजपट्टीत आज ९ पातळ्या आहेत. सातवी म्हणजे नमुन्याचे प्रत्यक्ष परिस्थितीतील प्रात्यक्षिक, तर नववी म्हणजे नित्य वापरात सिद्ध झालेली यंत्रणा. शिवाय, आणि मला हेच सर्वांत महत्त्वाचे वाटते, पातळी ज्या परिस्थितीत ठरली तिच्यापुरतीच ती खरी असते; कोरड्या हवेत उत्तम चाललेले यंत्र मुंबईच्या खाऱ्या, दमट हवेत आणि सांडपाण्यात पावसाचे पाणी मिसळणाऱ्या जुलैत तसेच चालेल, असे गृहीत धरता येत नाही. म्हणून मुंबईत किमान एक पावसाळा चाललेल्या यंत्रणेच्या नोंदी मागा आणि तिथल्या देखभाल कर्मचाऱ्याशी स्वतः बोला.