आजी विठोबाशी भांडते त्याबद्दल

प्रिय सई,

रविवारी आजीचा व्हिडिओ कॉल झाल्यावर रात्री तू एका दमात तीन प्रश्न पाठवलेस. आजी देवाला ‘मेल्या’ कशी म्हणू शकते? तो ऐकतो असं तिला खरंच वाटतं का? आणि तुझी ख्रिस्ती मैत्रीण म्हणते की तिचा देव तिला जन्माच्या आधीपासून ओळखतो, तर आपला देव तुला ओळखतो का? कारण तू मेलबर्नमध्ये वाढलीस, तुला आरती पाठ नाही, आणि मुळात देव आहे की नाही हेच तुझं अजून ठरलेलं नाही. फोनवर टाइप करत बसले तर मी अर्ध्यातच कंटाळले असते, म्हणून हे पत्र. अडेल तिथे विचार.

शिवीचं आधी सांगते, ते सोपं आहे. ‘मेल्या’ ही काही आजीने विठोबासाठी राखून ठेवलेली शिवी नव्हे. दूध उतू गेलं की ती दुधालाही तेच म्हणते, आणि लहानपणी मी तर दिवसातून चारदा ‘मेले’ व्हायचे. अहोजाहो ती करते डॉक्टरांना, बँकेतल्या साहेबांना आणि तुझ्या बाबाला. विठोबा त्या रांगेत नाही. तो घरातला. परवा ती जे बडबडत होती, ‘एवढी वर्षं करतेय तुझं, आणि माझा गुडघा दिसत नाही होय रे मेल्या तुला,’ त्यात तिच्या मते पाप वगैरे काही नाही. सकाळी त्याच्या फोटोला तुळस वाहिली होती, संध्याकाळी पुन्हा दिवा लावला. मधल्या वेळात भांडण.

ही सवय तिची एकटीची नाही. सातशे वर्षांपूर्वी पंढरपुरात संत नामदेवांच्या घरी जनाबाई कामाला होती. धुणं, दळण, झाडलोट सगळं तिच्याकडे. तिचे अभंग आपल्याकडे अजून गातात. एका अभंगात ती म्हणते, ‘अरे विठ्या विठ्या, मूळ मायेच्या कारट्या’. मधल्या ओळी मी इथे लिहीत नाही. त्यांच्यापुढे आजीची ‘मेल्या’ म्हणजे आशीर्वाद वाटेल. शेवटी ती राजरोस स्वतःचं नाव घालते: अंगणात उभी राहून दासी जनी शिव्या देते आहे. आणि हीच जनाबाई सांगते की विठोबा तिच्याबरोबर दळायला बसतो, शेण्या वेचायला येतो. ती कामात असायची, म्हणून तोच तिच्याकडे जायचा. महाराष्ट्रातल्या बायकांनी ही गोष्ट सोडली नाही. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या आहेत. त्यांत विठोबा कुणाचा बाप असतो, कुणाचा भाऊ, आणि जनीच्या घरी फार जातो म्हणून रुक्मिणी त्याच्यावर रुसलेली असते.

आता दुसरा प्रश्न, तो ऐकतो का. इथे मी जपून लिहिणार आहे. मला ठाऊक नाही, आणि ठाऊक असल्यासारखं दाखवलं तर तू एका मिनिटात ओळखशील. त्यापेक्षा हे ज्याने आयुष्यभर विचारलं त्याचं सांगते. तुकाराम देहूचे. घरात वाण्याचं दुकान, पिढीजात वारी, सगळं बरं चाललेलं. 1630च्या सुमाराला मोठा दुष्काळ पडला. धंदा बुडाला, पत गेली, आणि पहिली बायको ‘अन्न अन्न’ करत मेली. हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय, त्याच शब्दांत. या माणसाने विठोबाला काय काय विचारलं असेल! ‘भेटीलागी जीवा लागलीसे आस’ हा त्यांचाच अभंग, तुझ्या बाबाच्या गाडीत लागतो तो. त्यात ते म्हणतात, दिवाळीला माहेरून कुणी न्यायला येईल म्हणून सासरची लेक जशी वाटेकडे डोळे लावून बसते, तसा मी बसलोय. आणि ‘माझे लेखी देव मेला, असो त्याला असेल’ हेही त्यांचंच. माझ्यापुरता देव मेला, ज्याच्यासाठी असेल त्याच्यासाठी असो. यापुढे त्याच्याविषयी बोलणार नाही, त्याचं नाव घेणार नाही, आमचं तुटलं.

मला यातलं सगळ्यात काय आवडतं माहितेय? गाथेत साडेचार हजारांहून जास्त अभंग आहेत आणि त्यांवर तारखा नाहीत. कुठला आधी लिहिला, कुठला नंतर, हे सांगता येत नाही. कीर्तनकारांना आधी शंका, मग साक्षात्कार, मग आनंद असा क्रम लावायला आवडतो. ऐकायला बरं वाटतं, पण मला तो पटत नाही. ‘देव मेला’ म्हटल्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी ‘भेटीलागी’ लिहिला असेल, किंवा उलट. तुटलं म्हणून सांगायचं तेही अभंगात, म्हणजे त्यालाच. आणि पुढे साडेतीनशे वर्षं लोकांनी तो अभंग गाथेतून काढून टाकला नाही, हे मला मोठं वाटतं. देव आहे की नाही हे तू ठरवलेलं नाहीस, म्हणून आपल्याकडे तुला कुणी दाराबाहेर उभं करणार नाही.

दाराबाहेर उभं केलं गेलं ते वेगळ्याच कारणाने, आणि तेही तुला माहीत हवं. नामदेवांच्याच काळात मंगळवेढ्याला चोखामेळा होता. जातीने महार, म्हणून त्याला देवळात पाऊल टाकायची बंदी. तो बाहेरूनच अभंग रचायचा. ‘धाव घाली विठू आता, चालू नको मंद, बडवे मज मारिती’ असं त्याने लिहिलंय. बडवे म्हणजे तिथले तेव्हाचे पुजारी. तू विचारतेस तोच प्रश्न त्याचा होता, मला तू ओळखतोस ना, फक्त त्याला तो मार खाताना विचारावा लागला. मंगळवेढ्याच्या वेशीचं काम करताना भिंत कोसळली आणि तो तिच्याखाली गेला. कथा अशी की नामदेव त्याच्या अस्थी शोधायला गेले, आणि ढिगाऱ्यातल्या ज्या हाडांतून ‘विठ्ठल विठ्ठल’ ऐकू आलं ती त्याची म्हणून उचलली. त्याची समाधी पंढरपूरच्या महाद्वारासमोर आहे. तिथेही बाहेरच. देऊळ सगळ्यांना खुलं व्हावं म्हणून साने गुरुजींनी पंढरपुरात उपोषण केलं आणि ते खुलं झालं मे 1947 मध्ये. आजी जन्मली त्याच्या थोडंच आधी! विठोबा गरिबांचा, भोळ्याभाबड्यांचा असं म्हणणारी माणसं हा भाग पटकन ओलांडून जातात. तू जाऊ नकोस.

माझं स्वतःचं विचारशील तर, लग्नाआधी आजीबरोबर मी पंढरपूरला गेले होते. तिथे मूर्तीच्या पायांवर प्रत्यक्ष डोकं ठेवता येतं. सगळीकडे असं चालत नाही. दर्शनबारीत कितीतरी तास उभं राहिलो. पुढे सोलापूरकडच्या एक काकू होत्या, त्यांनी मला त्यांची भाकरी दिली. गाभाऱ्यात पोचलो तर मिळतो एक क्षण. डोकं टेकवलं, दगड थंड आणि ओलसर लागला, तुळशीचा आणि बुक्क्याचा वास आला, आणि कुणीतरी पाठीला हात लावून पुढे सरकवलं. मनात काही म्हणजे काही आलं नाही. आजी मात्र बाहेर येऊन रडत होती. मी विचारलं, काय झालं? म्हणाली, ‘किती दमलाय गं तो.’

मला तेव्हा हसू आलं होतं. पण पंढरपूरची रीत बघितलीस तर तेच आहे. आषाढीच्या यात्रेत लाखो लोक येतात, म्हणून देवाचा पलंग काढून ठेवतात. त्या दिवसांत देव झोपत नाही, चोवीस तास उभा. पाठीला टेकायला कापसाचा लोड देतात. यात्रा संपली की प्रक्षाळपूजा होते, देवाला ऊन पाण्याने न्हाऊ घालतात, शिणवटा जावा म्हणून काढा देतात आणि मग पलंग परत आत जातो. देव मला ओळखतो का, हा तुझा प्रश्न आजीच्या डोक्यात कधी आलाच नसावा. ती उलट्या बाजूने सुरू करते. त्याचे पाय दुखत असतील, त्याची बायको रुसली असेल, त्याला ताक आवडतं. एवढं आपल्याला माहीत असलेला माणूस आपल्याला ओळखत नाही असं कसं होईल, असा तिचा हिशोब असणार. हा पुरावा नाही, मलाही कळतं. तुझ्या मैत्रिणीकडे जे आश्वासन आहे ते तिच्या धर्मग्रंथात लिहिलेलं आहे आणि सुंदर आहे. त्याची चेष्टा करू नकोस. आपले रेव्हरंड ना. वा. टिळक ख्रिस्ती झाले तरी अभंग लिहीत राहिले, म्हणजे या दोन घरांत येणंजाणं जुनं आहे.

आणि मराठीचं. तुझं मराठी तोडकंमोडकं आहे म्हणून काळजी असेल तर ती सोड. विठोबालाच आपले लोक ‘कानडा’ म्हणतात, आणि कर्नाटकात पुरंदरदासांनी त्याला कन्नडमधून आळवलं. नामदेव पंजाबात जाऊन राहिले, तिथल्या घुमान गावी त्यांचं देऊळ आहे, आणि शिखांच्या गुरू ग्रंथसाहिबात त्यांची 61 पदं आहेत. ती मराठी नाहीत, पण त्यांत ‘बीठल’ आहे. परदेशात मुलं वाढवणाऱ्या आयांना नामदेवांचा फार आधार वाटायला हवा, पण आम्ही आपल्या बालभारतीची पुस्तकं मागवत बसतो.

तुला आठवतं का, तू सात वर्षांची असताना तरडगावला आजीच्या दारावरून ज्ञानेश्वरांची पालखी गेली होती? पांढऱ्या टोपीतले एक म्हातारे वारकरी तुझ्यासमोर वाकले, तुझ्या बुटांना हात लावून तो कपाळाला लावला आणि ‘माउली’ म्हणून पुढे गेले. तू घाबरून माझ्या ओढणीत शिरलीस. त्यांना तुझं नाव माहीत नव्हतं. तू कुठली, तुला काय येतं, तुझा विश्वास आहे का, काही विचारलं नाही. रस्त्यात भेटेल त्याच्या पाया पडायचं, लहानथोर बघायचं नाही, ही त्यांची रीत. तुझ्या तिसऱ्या प्रश्नाचं माझ्याकडे एवढंच उत्तर आहे. पुरेसं नसेल तर सांग, आपण बोलू.

चौथा प्रश्न तू नंतर सकाळी पाठवलास, एकादशीचा उपास करायलाच हवा का. नको. शनिवारी तुझी नेटबॉलची मॅच आहे, पोटभर खाऊन जा. संध्याकाळी मंडळाच्या हॉलमध्ये भजन आहे, यायचं की नाही ते तू ठरव. साबुदाण्याची खिचडी माझ्याकडे आहे, तेव्हा यायची असशील तर दुपारी शेंगदाणे सोलायला बस.

तुझी,
आई