हागीचा पहिला पेला घेताय?
साकेसाठी, म्हणजे जपानी तांदळाच्या दारूसाठी, पहिलाच पेला हागी या जपानी मातीच्या भांड्यांतला घेताय, उत्तम! पण वापरण्याआधी तो थोडा वेळ साध्या पाण्यात बुडवून ठेवा. जपानच्या यामागुची प्रांतातल्या या भांड्यांची माती सच्छिद्र, झिलईवर केसाएवढ्या बारीक भेगा. नवा असताना साके तळातून पाझरूही शकते. लगेच विक्रेत्याशी भांडायला जाऊ नका. वापरता वापरता त्या भेगांत रंग मुरतो आणि पेला बदलत जातो. शौकीन मंडळी हागी घेतात ती त्यासाठीच. डिशवॉशर अजिबात नको. धुतल्यावर पूर्ण वाळू द्या, विशेषतः झिलई नसलेलं बूड, नाहीतर बुरशी धरते. आणि हो, बुडाच्या कड्याला खाच दिसली तर तुटका समजू नका, ती बहुधा कुंभारानेच मुद्दाम कापलेली असते.